ढोल-ताशाचें पथक : त्याची मागील वाट आणि पुढील वाट

भाद्रपद जवळ आला कीं नागपूर शहरांतील मोकळ्या मैदानांवर सायंकाळच्या वेळीं ढोलांचा सराव सुरू होतो. दिवसा कचेरींत किंवा महाविद्यालयांत असणारीं मुलेंमुली कमरेला ढोल बांधून एका ओळींत उभीं राहतात, समोरचा ताशेवाला काडी उगारतो, आणि ठेका सुरू होतो. पुढें त्याच ठेक्यावर महालांतील अरुंद रस्त्यांतून मिरवणूक निघते तेव्हां घरोघरच्या खिडक्या उघडतात. कांहीं घरांत मात्र नेमक्या त्याच वेळीं खिडक्या लावून घेतात. उघडणारी खिडकी आणि मिटणारी खिडकी ह्या दोहोंचाहि विचार केल्यावांचून ह्या वाद्यसमूहाचें खरें मोल ठरवितां येणार नाहीं.

शब्दांचा आधार न घेतां केवळ वाद्यांच्या बळावर लोकसमुदायाला एकत्र बांधणें ही कला महाल भागाला नवी नाहीं. अठराव्या शतकांत भोसल्यांची गादी येथें स्थिर झाली आणि राजवाड्याच्या दारावर नौबत झडूं लागली. नौबत म्हणजे नगारा, सनई, सनईला आधारस्वर पुरविणारा सूर आणि झांज ह्यांचा ताफा. तो नेमलेल्या प्रहरांना वाजावयाचा. त्यांत ठेका होता तशी चालहि होती. प्रहराप्रमाणें राग बदलत असे. १८५३ सालीं तिसरे रघूजी निवर्तले, १८५४ सालीं राज्य खालसा झालें, आणि १८६४ सालीं काळ्या दगडाचा व कोरीव लांकूडकामाचा तो राजवाडा आगीच्या भक्ष्यस्थानीं पडला. मागें उरला तो नगारखान्याचा दरवाजा. वाद्यें वाजण्याची जागा शिल्लक राहिली. वाजविणाऱ्यांना पोसणारा धनी मात्र राहिला नाहीं.

ह्याच भोसल्यांच्या वाड्याशीं आणखी एक चाल निगडित आहे. घराण्यांतील खंडोजी ऊर्फ चिमणाबापू हे बंगालच्या मोहिमेवरून परतले तेव्हां गणेशोत्सव उलटून गेला होता. म्हणून पितृपक्षांत गणपति बसवून विजयाचा आनंद साजरा करण्याची पद्धत १७८७ सालापासून पडली, असें परंपरा सांगते. त्या गणपतीला मस्कऱ्या किंवा हडपक्या गणपति म्हणतात. त्याच्यापुढें लावणी, खडी गंमत असे खेळ होत. म्हणजे लोकमान्य टिळकांनीं १८९३ सालीं पुण्यांत गणेशोत्सवाला सार्वजनिक वळण दिलें त्याच्या शंभर वर्षें आधींपासून महालांत गणपतीपुढें लोकवाद्यें वाजत होतीं असें दिसतें.

पण हीं वाद्यें वाजवीत कोण, हा प्रश्न येथें टाळतां येणार नाहीं. गांवगाड्यांत वाद्य वाजविणें हा बहुधा जातीनें नेमून दिलेला व्यवसाय होता. सनई, डफडें, हलगी, संबळ हीं वाद्यें ज्यांच्या हातीं होतीं त्यांना लग्नांत, जत्रेंत आणि मिरवणुकींत सर्वांच्या पुढें चालावें लागे. परंतु पंगतीच्या वेळीं त्यांची जागा सर्वांच्या मागें, किंबहुना मांडवाच्या बाहेर असे. कलेचा मान वाद्याला मिळे, वादकाला मिळत नसे. डॉ. आंबेडकरांच्या चळवळीनें हा अन्याय चव्हाट्यावर आणला. परंपरेनें लादलेलीं कामें टाकून द्या, ह्या त्यांच्या शिकवणीस अनुसरून महाराष्ट्रांतील असंख्य महार कुटुंबांनीं गांवकीचीं कामें सोडलीं आणि त्यांबरोबर गांवासाठीं वाद्य वाजविण्याचें कामहि सोडलें. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरांत झालेल्या धम्मदीक्षेनंतर हा निश्चय अधिकच दृढ झाला. ज्या वाद्याबरोबर हीनत्व चिकटलेलें होतें तें खालीं ठेवणें हाच त्या वेळीं स्वाभिमानाचा मार्ग होता. एक कला दुर्बळ झाली म्हणून हळहळणाऱ्यानें ती कोणत्या किंमतीवर जिवंत ठेवलेली होती हेंहि ध्यानांत घेतलें पाहिजे.

दुसऱ्या बाजूला शहरांतील सुशिक्षित वर्गाचा गणेशोत्सव आरंभीं शब्दप्रधान होता. त्यांतील मेळे म्हणजे एकसारखा पोषाख केलेल्या तरुणांचे गाणारे गट. त्यांचीं पदें देशस्थितीवर बोट ठेवीत आणि म्हणूनच सरकारला खुपत; त्यांवर निर्बंधहि आले. स्वातंत्र्यानंतर मेळ्यांचें प्रयोजन ओसरलें. मिरवणुकींत शब्दांची जागा वाद्यांनीं घेतली. पुण्याच्या मिरवणुकीला मुळशी, मावळ, भोर ह्या भागांतील गांवकरी आपले ढोल व लेझीम घेऊन येत; शहर पाहत उभें राही आणि खेडें वाजवीत जाई.

हा क्रम पालटला तो शाळांमुळें. आप्पा पेंडसे ह्यांनीं १९६२ सालीं पुण्यांत ज्ञान प्रबोधिनी ही संस्था स्थापिली. तिच्या विद्यार्थ्यांनीं ढोल, ताशे आणि बरची घेऊन शिस्तीनें मिरवणुकींत उतरण्याचा पायंडा पाडला. बघणाऱ्या वर्गाचीं मुलें वाजविणारीं झालीं, आणि पुढें मुलींनींहि ढोल उचलला. मागाहून रमणबाग, गरवारे अशा शाळांच्या विद्यार्थ्यांनीं आपापलीं पथकें काढलीं. माजी विद्यार्थ्यांनीं, निरनिराळ्या वस्त्यांतील मंडळांनीं, नाट्यचित्रपटांतील कलावंतांनींसुद्धां तोच मार्ग धरला. एकविसाव्या शतकांत हें लोण महाराष्ट्रभर पसरलें. नागपुरांतहि शिवमुद्रा, गजवक्त्र अशा नांवांचीं पथकें उभीं राहिलीं आणि गणेशोत्सवाखेरीज गुढीपाडवा, शिवजयंती, रामनवमीची शोभायात्रा ह्या प्रसंगींहि ढोल वाजूं लागले.

पथकाची रचना वरवर साधी दिसते, परंतु तिच्यांत प्रत्येकाचें काम वेगळें आहे. ढोल हा दोन तोंडांचा. त्याच्या एका तोंडाचा आवाज खोल व घुमणारा, तर दुसऱ्याचा चढा व कोरडा. वादक एका बाजूस हातानें थाप देतो आणि दुसऱ्या बाजूस टिपरूनें प्रहार करतो. ताशा हा वाटीच्या आकाराचा, एकाच तोंडाचा, गळ्यांत अडकविलेला; तो दोन बारीक काड्यांनीं वाजवितात. ढोलाचा एक प्रहार होतो तेवढ्या अवधींत ताशाचे कित्येक प्रहार होऊन जातात. ह्या अतिद्रुत अखंड नादाला वादक तर्री म्हणतात. झांज ढोल व ताशा ह्यांमधील पोकळी भरून काढते. टोल म्हणजे टांगलेली धातूची जाड थाळी. तिच्या ठणक्यानें लय ढळत नाहीं. पुढें ध्वज धरणारे असतात. त्यांच्या हातीं वाद्य नसलें तरी मिरवणुकीची चाल तेच राखतात.

ठेक्याच्या एकेका ठरीव रचनेला पथकाच्या बोलींत ‘हात’ म्हणतात. पहिला हात, दुसरा हात असे क्रमांक असतात; भजनी हात, गांवठी हात अशीं नांवेंहि असतात. ताशेवाला इशारा देतो आणि शंभर ढोल एका क्षणांत एका हातावरून दुसऱ्या हातावर जातात. ह्या क्षणींच पथकाची परीक्षा होते. लय सुटली तर ती एकाची चूक राहत नाहीं. ओळीच्या ओळी कोलमडतात. म्हणूनच उत्सव दहा दिवसांचा असला तरी सराव महिना-दोन महिने चालतो.

वाद्याच्या बांधणींतहि मोठा फरक पडला आहे. पूर्वी ढोलाला बकऱ्याचें कातडें मढवीत. भाद्रपदाच्या दमट हवेंत तें सैल पडे आणि आवाज बसे. ताशाचें तोंडहि विस्तवाच्या उबेवर शेकून ताणावें लागे. कातड्याच्या जागीं कृत्रिम पान आलें, दोरीबरोबर लोखंडी पेचहि आले, आणि पावसाची धास्ती संपली. परंतु कृत्रिम पानाचा आवाज कातड्यापेक्षां अधिक चढा व टणक असतो. सोय झाली ती खरी. पण आवाजाचा गोडवा त्यापायीं थोडा कमी झाला.

ढोल, ताशा आणि झांज ह्या त्रयीची चिवट शक्ति पाहावयाची असेल तर सातासमुद्रांपलीकडे त्रिनिदाद बेटावर जावें लागेल. १८४५ सालीं भारतांतून मजुरांचें पहिलें जहाज त्या बेटावर पोंचलें. उसाच्या मळ्यांत राबणाऱ्या त्या लोकांनीं मोहरमच्या मिरवणुकींतील वाद्यें तेथेंहि वाजतीं ठेविलीं. आज त्रिनिदादचा ‘तासा’ हा हिंदूंच्या लग्नांत वाजतो, मुसलमानांच्या ‘होसे’ मिरवणुकींत वाजतो, आणि त्यांत ढोल, ताशा व झांज हेंच त्रिकूट आहे. पोटापाण्यासाठीं गेलेले मजूर मागें घरदार सोडून गेले, भाषाहि पुढच्या पिढ्यांत विसरले. ठेका मात्र विसरले नाहींत.

आपल्याकडील पथकांच्या पुढें आज वेगळाच प्रश्न आहे, आणि तो संख्येचा आहे. आमच्या पथकांत इतके ढोल, तुमच्या पथकांत तितके, अशी चढाओढ लागते. अधिक ढोल म्हणजे अधिक प्रभाव, ही समजूत तिच्यामागें असते. ध्वनिशास्त्र मात्र निराळें सांगतें. आवाजाची तीव्रता डेसिबल ह्या परिमाणानें मोजतात. हें परिमाण साध्या बेरजेचें नाहीं. एका ढोलाजागीं तसेच दोन वाजविले तर तीव्रता केवळ ३ डेसिबलनें वाढते. दहा वाजविले तर १० डेसिबलनें, आणि शंभर वाजविले तर २० डेसिबलनें वाढते. माणसाच्या कानाला आवाज सुमारें दुप्पट मोठा वाटावयास १० डेसिबलची वाढ लागते. ह्याचा अर्थ असा कीं, पन्नास ढोलांचे शंभर केले तर श्रम दुप्पट, खर्च दुप्पट, रस्त्याची अडवणूक दुप्पट. परंतु ऐकणाऱ्याच्या कानाला पडणारा फरक जेमतेम ओळखूं येईल इतकाच. ढोलाची संख्या वाढवून संगीत वाढत नाहीं. आवाजहि फारसा वाढत नाहीं.

हेंच गणित उलट बाजूनेंहि खरें आहे. संख्या निम्मी केली म्हणून आवाज निम्मा होत नाहीं. त्रास कमी करावयाचा तर किती ढोल वाजले ह्याबरोबरच किती वेळ वाजले आणि किती जवळ वाजले हें पाहावें लागतें. मोकळ्या मैदानांत ध्वनि चहूंकडे विखुरतो. महालांतील जुन्या वस्तींत दोन्ही बाजूंच्या भिंती तो परत फेंकतात. त्याच गल्लींत आजारी माणूस असतो, तान्हें मूल असतें, अभ्यास करणारा विद्यार्थी असतो. पुढें जाणारें पथक व एका चौकांत तासभर ठाण मांडून बसलेलें पथक ह्यांत वादकांना फरक वाटत नसेल. त्या चौकांतील घरांना तो फार वाटतो.

खुद्द वादकांच्या कानांचा प्रश्न तर त्याहून निकडीचा आहे. अमेरिकेंतील व्यावसायिक आरोग्यविषयक राष्ट्रीय संस्थेच्या शिफारशीप्रमाणें ८५ डेसिबलच्या आवाजांत माणसानें दिवसाकाठीं आठ तासांहून अधिक राहूं नये; आणि पुढें दर ३ डेसिबलच्या वाढीबरोबर ही मुदत निम्मी होत जाते. ८८ डेसिबलला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा तास आणि १०० ला अवघीं पंधरा मिनिटें. अनेक ढोलांच्या मधोमध उभ्या असलेल्या मुलाच्या कानापाशीं आवाज १०० च्या वर सहज जातो, आणि तो तेथें तासन् तास उभा असतो. कानाच्या आंतील सूक्ष्म पेशी एकदां नष्ट झाल्या कीं पुन्हां उगवत नाहींत. हातांना फोड आले तर चिंध्या बांधतात. कानांत बोळे घालण्याची तितकीच सक्तीची रीत प्रत्येक पथकानें घालून घेतली पाहिजे. वाद्यावर प्रेम करणाऱ्याला पुढें तें ऐकूंच येऊं नये ह्यापरतें दुर्दैव कोणतें?

सरकारनेंहि ह्या विषयांत नियम केले आहेत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणें निवासी भागांत दिवसा ५५ आणि रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्रीं दहा ते सकाळीं सहा ह्या वेळांत उघड्यावर ध्वनिवर्धक किंवा वाद्य वाजविण्यास मनाई आहे. सणांच्या निमित्तानें वर्षांतून पंधरा दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजीं राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणें येथील पीठानें एका पथकांत तीसपेक्षां अधिक वादक नसावेत असा निर्बंध घातला. पथकांचे लोक सर्वोच्च न्यायालयांत गेले आणि १२ सप्टेंबर २०२४ रोजीं, उत्सव चालू असतांनाच, त्या निर्बंधास स्थगिती मिळाली. कायद्याचा निकाल काय लागावयाचा तो लागो; पण वादकांची संख्या न्यायालयानें ठरवावी अशी वेळ येणें हें कोणत्याहि कलेला भूषणावह नाहीं. आपली मर्यादा आपण घालून घेणें हें सुजाणपणाचें लक्षण आहे.

संख्येऐवजीं रचनेवर भर देऊन लोकवाद्यें कशीं टिकवितां येतात ह्याचें उदाहरण स्कॉटलंडमध्यें पाहावयास मिळतें. तेथील राष्ट्रीय वाद्य जें मशकबीन, तें आपल्याला अगदीं अनोळखी नाहीं. कामठीच्या लष्करी छावणीची स्थापना १८२१ सालची. आज तेथें ब्रिगेड ऑफ द गार्ड्स ह्या पलटणीचें केंद्र आहे, आणि आपल्या लष्कराच्या अनेक पलटणींनीं स्कॉच पद्धतीचें मशकबीनपथक आपलेंसें केलेलें आहे. मशकबीन आणि सनई ह्यांचें नातें जवळचें आहे. दोहोंचाहि स्वर दुहेरी पातीच्या कंपनांतून निघतो. सनईवाल्याच्या शेजारीं बसून एकच आधारस्वर धरणाऱ्या सुराचें काम मशकबिनींत तिच्याच अंगाला जोडलेल्या तीन नळ्या करतात. वादक श्वास घेई त्या वेळांतहि पिशवींतील हवेवर स्वर चालूं राहतो. म्हणून ढोलांच्या गर्दींतहि मशकबिनीची चाल स्पष्ट ऐकूं येते. त्या पथकांत ढोल मागें आणि चाल पुढें, हा क्रम कधींहि मोडत नाहीं.

त्याच देशांतील शूगलनिफ्टी ह्या वादकगटाचा वृत्तांत तर विशेष बोधप्रद आहे. १९९० सालीं एडिंबरो शहरांत सहा वादकांनीं तो उभारला. शूगल ह्या स्कॉच शब्दाचा अर्थ हलणें, डुलणें असा आहे. अँगस ग्रँट हा व्हायोलिन वाजवी. मँडोलिन, बँजो, गिटार, मंद्र स्वराची गिटार आणि ढोलताल हे इतरांचे वांटे. गायक कोणीहि नव्हता. अँगसचे वडीलहि डोंगराळ मुलखांतील नामांकित व्हायोलिनवादक होते. म्हणजे जुन्या चाली त्याला घरांतच मिळाल्या होत्या. रील आणि जिग ह्या तेथील नृत्यचाली आठ आठ मात्राखंडांच्या तुकड्यांनीं बांधलेल्या असतात. प्रत्येक तुकडा दोनदां वाजतो आणि एका चालीला दुसरी जोडून मालिका गुंफितात. ह्या सहा जणांनीं त्या मालिकेखालीं आधुनिक शहरी नृत्यगृहाचा ठेका घातला. चाल आजोबांची आणि पाऊल नातवाचें, असा तो मेळ होता. १९९४ सालीं ‘व्हीनस इन ट्वीड्स’ ही त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली, आणि खेड्यांतील शेकोटीभोंवतालचें संगीत देशोदेशींच्या रंगमंचांवर गेलें.

पुढें हा गट राजस्थानांत आला. जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यावर भरणाऱ्या लोकसंगीताच्या महोत्सवांत त्यांची तेथील लोककलावंतांशीं गांठ पडली. भाषा एकमेकांस कळत नव्हती. पण चाल आणि ठेका ह्यांना दुभाषा लागत नाहीं. धुन धोरा ह्या राजस्थानी वादकगटाबरोबरच्या ह्या सहवासांतून ‘रिटन इन वॉटर’ ही ध्वनिमुद्रिका तयार झाली आणि ती २०१८ सालीं प्रसिद्ध झाली. तत्पूर्वीं ऑक्टोबर २०१६ मध्यें अँगस ग्रँट कर्करोगानें मरण पावला. ज्याच्या गजावर सारा गट चालत होता तो माणूस गेला. तरीहि गट मोडला नाहीं. एलिद शॉ ह्या वादिकेनें व्हायोलिन हातीं घेतलें आणि त्याच चाली पुढें वाजूं लागल्या. चाली एका माणसाच्या मालकीच्या नव्हत्या, सर्वांच्या बोटांत उतरलेल्या होत्या, म्हणूनच हें शक्य झालें.

ह्या उदाहरणाशीं आपल्या पथकाची तुलना करतांना एक गोष्ट न्यायानें सांगितली पाहिजे. पथक हें रंगमंचावरील सहा निष्णात वादकांचें काम नव्हे. तें शेंकडों हौशी तरुणांचें सामुदायिक कार्य आहे. त्याचें यश निराळ्या मापानें मोजलें पाहिजे. मुलगी कमरेला जड ढोल बांधून भर रस्त्यांत वाजवीत जाते आणि कोणाच्या भुंवया उंचावत नाहींत, हा बदल लहान नाहीं. पूर्वी जो ढोल खालच्या मानलेल्या हातांत होता तो आज कोणत्याहि घरांतील मुलगा अभिमानानें उचलतो, हाहि बदल लहान नाहीं. गाडीवर रचलेल्या ध्वनिवर्धकांच्या भिंतीपेक्षां पथक शतपटीनें बरें. कारण यंत्र थकत नाहीं, माणूस थकतो, आणि त्या थकण्यांतच त्याची मर्यादा असते.

परंतु पथकाच्या ह्या प्रवासांत दोन गोष्टी मागें राहिल्या. पहिली म्हणजे चाल. नगारखान्यांत नगारा सनईच्या सेवेला होता. पथकांत ठेका स्वतःच धनी झाला आणि सनईला जागाच उरली नाहीं. उघड्यावर शंभर ढोलांपुढें एका फुंकीचा निभाव लागणें शक्य नव्हतें. म्हणून कान दिपतो. पण मिरवणूक घरीं परतल्यावर ओठांवर गुणगुणावें असें कांहीं त्याच्याबरोबर येत नाहीं. दुसरी गोष्ट म्हणजे जुना जाणकार. ज्या घराण्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या सनई, संबळ, डफडें, हलगी जोपासली त्यांतील जीं अजून वाजवितात तीं लग्नसराईच्या चार महिन्यांवर कशीबशी गुजराण करतात. दिवाळीनंतरच्या गायगोधनांत डफ व पावा घेऊन निघणारे गोवारी आहेत, खडी गंमतींत ढोलकी वाजविणारे आहेत. ह्यांच्यापाशीं असलेले ठेके आणि चाली शहरांतील पथकांच्या ‘हातां’मध्यें क्वचितच आढळतात. पुण्याचा हात नागपुरांत जसाच्या तसा वाजतो. विदर्भाचा हात मात्र नागपुरांतहि ऐकूं येत नाहीं.

ह्यावर उपाय अवघड नाहींत. पथकानें ढोल पन्नासांचे तीस केले तर, वर दाखविलेल्या गणिताप्रमाणें, आवाजांत सुमारें दोनच डेसिबलांची घट होईल. कोणाला ती उमगणारहि नाहीं. परंतु वांचलेल्या वीस ढोलांच्या खर्चांत दोन-तीन सनईवाले आणि एखादा हलगीवाला सन्मानानें बोलावितां येतील. मिरवणुकींत ठिकठिकाणीं ढोल थांबवून केवळ सनई वाजूं द्यावी. म्हणजे तिला ढोलांशीं झुंजावें लागणार नाहीं, आणि त्या गल्लीलाहि क्षणभर विसांवा मिळेल. सरावाच्या दोन महिन्यांत आठवड्यांतून एक दिवस अशा जाणकाराला गुरु म्हणून नेमावें, मजूर म्हणून नव्हे. त्याला मानधन द्यावें, खुर्ची द्यावी, त्याच्या नांवाचा उच्चार करावा, आणि पंगतींत आपल्या शेजारीं बसवावें. त्याच्या घराण्यानें ज्या अपमानामुळें वाद्य खालीं ठेविलें तो अपमान ह्या एका कृतीनें पुसला जाईल असें नाहीं. पण निदान त्याची पुनरावृत्ति तरी होणार नाहीं. आणि त्यानें वाद्य पुन्हां न उचलण्याचें ठरविलें, तर त्या निर्णयाचाहि मान राखावा.

शाळांकडेहि ह्यांत मोठा भाग येतो. पथकाचा उगम शाळेंत झाला. त्याचें पुढचें शिक्षणहि शाळेंतच होऊं शकेल. ठेका मोजतांना गणित येतें, डेसिबल समजून घेतांना पदार्थविज्ञान येतें, वाद्य कोणाचें होतें हें विचारतांना इतिहास येतो. जो विद्यार्थी हे तीनहि धडे शिकून ढोल उचलील तो तो किती मोठ्यानें वाजवावा ह्यापेक्षां केव्हां थांबवावा हें अधिक चांगलें जाणील.

महालांतील नगारखान्याच्या दरवाजानें राजाश्रय पाहिला, राजाश्रयाचा अंतहि पाहिला. आज वाद्यांना आश्रय देणारा राजा नाहीं. लोक हेच आतां त्यांचे आश्रयदाते आहेत, आणि त्यांत ज्यांच्या घरावरून मिरवणूक जाते ते लोकहि आले. मिटलेली खिडकी ही कलेची शत्रु नव्हे. ती वादकाला मिळालेली सूचना आहे. ती सूचना ओळखून पथकानें आपल्या ठेक्याला चालीची जोड दिली, संख्येला संयमाची जोड दिली आणि जुन्या वादकाला त्याचा राहून गेलेला मान दिला, तर ती खिडकी पुन्हां उघडेल, आणि आंतील माणूस कान झांकण्याऐवजीं कान देऊन ऐकूं लागेल.